व्होल्टेज आणि प्रवाह यांवरून रोध व शक्ती कशी काढावी: एका गिझरचा हिशोब

गेल्या पावसाळ्यात आमच्या न्हाणीघरातल्या गिझरचा प्लग काढायला गेलो, तर तो सॉकेटमधून निघेना. हिसका देऊन निघाला तेव्हा त्याची फेजची पिन काळीनिळी पडलेली दिसली आणि सॉकेटचे प्लॅस्टिक त्या एकाच भोकाभोवती तपकिरी होऊन किंचित ओघळलेले होते. गिझर मात्र आदल्या दिवसापर्यंत चालू होता आणि पाणीही तापत होते, त्यामुळे आत काही बिघडत चालले आहे याची घरात कोणालाच शंका आली नव्हती. वायरमनने दुरुस्तीच्या आधी आणि नंतर मीटर लावून जे आकडे सांगितले ते मी वहीत उतरवून ठेवले, आणि प्लगमध्ये नेमकी किती उष्णता निर्माण होत होती हे त्यांवरून नंतर शांतपणे काढता आले. त्यासाठी शाळेतल्या दोन सूत्रांपलीकडे काहीही लागले नाही. भागाकार आणि गुणाकार कॅल्क्युलेटर करतो. चूक होते ती सूत्रात कोणता आकडा घालायचा हे ठरवताना, म्हणून पुढील विवेचनात भर त्यावरच आहे.

दोन सूत्रे आणि त्यांतून निघणारी दोन

विजेचा दाब, म्हणजे बोलण्यातले व्होल्टेज आणि पाठ्यपुस्तकातले विभवांतर, व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून वाहणारा प्रवाह, ज्याला सगळे करंट म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात विद्युतधारा म्हणून छापलेले असते, तो अँपिअरमध्ये मोजतात. त्या प्रवाहाला वस्तूकडून होणारा अडथळा म्हणजे रोध. त्याचे एकक ओहम. दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते ती शक्ती, आणि तिचे एकक वॅट.

रोध = व्होल्टेज ÷ प्रवाह
शक्ती = व्होल्टेज × प्रवाह

पहिले सूत्र गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून आले. त्याच्या प्रयोगांची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे: सुरुवातीला तो वापरत असलेल्या रासायनिक बॅटरीचा दाब प्रयोग चालू असतानाच घसरत असे, त्यामुळे आकडे जुळेनात. पुढे त्याने दोन धातूंच्या सांध्यांना वेगवेगळ्या तापमानांत ठेवून मिळणारा स्थिर दाब वापरला, तेव्हा कुठे नियम स्पष्ट दिसला. दाब आणि प्रवाह एकाच क्षणी मोजलेले असले पाहिजेत, हा धडा घरच्या गिझरलाही तितकाच लागू पडतो.

पहिल्या सूत्रातून व्होल्टेज किंवा प्रवाह दुसऱ्यात घातला की आणखी दोन सूत्रे मिळतात.

शक्ती = प्रवाह × प्रवाह × रोध
शक्ती = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध

या जोडीने अनेक विद्यार्थी गोंधळतात, आणि तो गोंधळ रास्त आहे. एका सूत्रात रोध वाढला की उष्णता वाढते, तर दुसऱ्यात रोध वाढला की उष्णता कमी होते. मग खरे कोणते? दोन्ही खरी आहेत. त्या वस्तूवर बाहेरून काय ठरवले जाते आहे ते पाहावे लागते. गिझर, इस्त्री किंवा बल्ब थेट फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडलेला असतो, म्हणजे त्याच्या टोकांवरचा दाब पुरवठ्याने ठरवून दिलेला असतो. तिथे रोध जितका कमी तितके वॅट जास्त. गिझरकडे जाणारी तार आणि प्लगची पिन मात्र प्रवाहाच्या वाटेवर असतात, आणि त्यांच्यातून किती प्रवाह जाणार हे त्यांनी नव्हे तर गिझरने ठरवलेले असते. तिथे रोध वाढला की उष्णता वाढते. काळ्या पडलेल्या पिनेचे सगळे रहस्य या एका फरकात आहे.

हिशोबाला बसण्यापूर्वी एकके सारखी करून घ्यावीत. मिलीअँपिअरला १००० ने भागून अँपिअर करावेत, किलो-ओहमला १००० ने गुणून ओहम करावेत. २० मिलीअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर; तिथे एक शून्य राहून गेले की उत्तर दहापट चुकते आणि कॅल्क्युलेटर तक्रार करीत नाही.

पाटीवरचे वॅट आणि खरे वॅट

गिझरच्या बुडाशी असलेल्या पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे छापलेले आहे. यावरून प्रवाह काढायचा तर २००० ला २३० ने भागावे, उत्तर ८.७ अँपिअर येते. म्हणजे हा गिझर ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर चालवता येणार नाही, त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा, ज्याला दुकानदार अजूनही सवयीने पंधरा अँपिअरचा म्हणतात. रोध हवा असेल तर २३० ला ८.७ ने भागावे, किंवा पूर्णांकन टाळण्यासाठी २३० चा वर्ग २००० ने भागावा: ५२९०० ÷ २००० = २६.४५ ओहम.

आता समजा संध्याकाळी दाब उतरला आणि लाईट डीम होऊन २०० व्होल्टच मिळू लागले. गिझर किती प्रवाह घेईल? इथे पुष्कळ जण २००० ला २०० ने भागून १० अँपिअर असे उत्तर देतात, आणि दाब कमी झाला की गिझर जास्त करंट खेचतो असा निष्कर्षही काढतात. तो चुकीचा आहे. पाटीवरचे २००० वॅट हे २३० व्होल्टला मिळणारे वॅट आहेत. गिझरच्या कॉइलचा जो गुण जवळजवळ कायम राहतो तो रोध आहे, वॅट नव्हेत. म्हणून २०० ला २६.४५ ने भागावे. प्रवाह ७.५६ अँपिअर येतो आणि शक्ती २०० × ७.५६, म्हणजे सुमारे १५१२ वॅट. दाब तेरा टक्के उतरला, तर शक्ती चोवीस टक्के उतरली, कारण ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण २२ लाख ज्यूल ऊर्जा लागते. २००० वॅटला त्यासाठी १८ मिनिटे लागतील, १५१२ वॅटला २४. आज पाणी लवकर तापत नाही, या घरोघरच्या तक्रारीत बऱ्याचदा गिझरचा काही दोष नसतो.

मोजताना घ्यायची काळजी

घरच्या २३० व्होल्टवर झाकण उघडून मोजमाप करणे हे वायरमनचे काम आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो. आपण आकडे विचारून घ्यावेत आणि हिशोब करावा. तरीही मोजमाप कसे होते हे माहीत असले म्हणजे आकडा विश्वासार्ह आहे की नाही ते कळते.

व्होल्टेज मोजताना मल्टिमीटरच्या दोन वायरी उपकरणाच्या दोन टोकांना लावतात, आणि उपकरण चालू असताना लावतात. उपकरण बंद असताना सॉकेटमध्ये मोजलेले व्होल्टेज वेगळे असते. ते सूत्रात घातले तर रोध खऱ्यापेक्षा जास्त येतो. प्रवाह मोजायला क्लॅम्प मीटर सोयीचे, कारण त्यासाठी तार तोडावी लागत नाही; पण त्याच्या चिमट्यात फक्त फेजची किंवा फक्त न्यूट्रलची तार धरायची असते. आख्खी केबल धरली तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवते. साध्या मल्टिमीटरने प्रवाह मोजायचा तर तो मार्गात एकसर जोडावा लागतो, लाल वायर प्रवाहाच्या वेगळ्या भोकात घालावी लागते, आणि मोजून झाल्यावर ती परत व्होल्टच्या भोकात आणायला विसरलात तर पुढच्या वेळी व्होल्टेज मोजताना थेट शॉर्ट सर्किट होते. मीटरमधला फ्यूज उडाला तर नशीब समजावे.

रोध थेट मोजायचा असेल तर प्लग सॉकेटमधून काढलेला असलाच पाहिजे. मीटरच्या दोन टोकांना आधी एकमेकांना टेकवून पाहावे. आमच्याकडे तेव्हा ०.४ ओहम दाखवत होते, म्हणजे तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध, आणि तो प्रत्येक मापनातून वजा करायचा. गिझरच्या प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिनांमध्ये २६.५ आले, वजाबाकी करून २६.१ ओहम. गिझरचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवणारे बटण, शून्यावर फिरवलेला असेल तर मार्ग तुटलेला असतो आणि मीटर काहीच दाखवत नाही. कॉइल जळाली असे समजून नवी आणायला निघण्यापूर्वी तेवढे पाहून घ्यावे.

काळ्या पिनेचा हिशोब

वायरमनने गिझरच्या टर्मिनलवर मीटर लावले. कळ चालू असून थर्मोस्टॅट बंद, म्हणजे प्रवाह शून्य असताना २२८ व्होल्ट होते. थर्मोस्टॅट फिरवून कॉइल सुरू केल्यावर २२१ व्होल्ट झाले आणि क्लॅम्प मीटरवर ८.३ अँपिअर आले. कॉइलचा रोध २२१ ÷ ८.३, म्हणजे २६.६ ओहम, थंड असताना मोजलेल्या २६.१ च्या अगदी जवळ, थोडा जास्त, कारण कॉइलमधली निक्रोम या मिश्रधातूची तार तापली की तिचा रोध किंचितच वाढतो. शक्ती २२१ × ८.३, म्हणजे सुमारे १८३४ वॅट. इथपर्यंत गिझर निर्दोष ठरला.

आता नीट पाहायचे ते २२८ आणि २२१ यांच्यातल्या ७ व्होल्टकडे. ते वाटेत कुठेतरी खर्च झाले. वाटेतला एकूण रोध ७ ÷ ८.३, म्हणजे ०.८४ ओहम. प्लग आणि सॉकेट बदलल्यावर पुन्हा मोजले तेव्हा दाब २२८ वरून २२४ वरच उतरला आणि प्रवाह ८.४ अँपिअर झाला. वाटेतला रोध आता ४ ÷ ८.४, म्हणजे ०.४८ ओहम. दोन्हींतला फरक ०.३६ ओहम हा ढिल्या पडलेल्या त्या एका सांध्याचा. त्यात निर्माण होणारी उष्णता: ८.३ × ८.३ × ०.३६, म्हणजे सुमारे २५ वॅट.

पंचवीस वॅट हा आकडा ऐकायला किरकोळ आहे. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरचे साधे सोल्डरिंग आयर्नही बहुतेक वेळा २५ वॅटचेच असते, आणि ते कथील वितळवते. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीत रोज सकाळी अर्धा तास तसे एक सोल्डरिंग आयर्न पिनेला लावून ठेवलेले होते असे म्हटले तर चालेल. १८३४ वॅट पाण्यात पसरतात म्हणून निभावतात. २५ वॅट नखाएवढ्या पितळेत कोंडले गेले म्हणून प्लॅस्टिक ओघळले.

या हिशोबाची एक कच्ची बाजूही सांगितली पाहिजे. ७ आणि ४ हे दोन मोठ्या आकड्यांमधले लहान फरक आहेत. मीटरने कुठेही एका व्होल्टची चूक केली, किंवा मोजमाप चालू असताना शेजारच्या कोणी मोटर सुरू केली, तर ३ व्होल्टच्या फरकात एक व्होल्ट इकडचा तिकडे होतो आणि २५ वॅटचे १७ किंवा ३४ होतात. म्हणून थर्मोस्टॅट तीनचार वेळा चालू-बंद करून, दर वेळी दोन्ही आकडे लागोपाठ घेऊन, मधला आकडा धरावा. आम्ही तसेच केले होते.

उरलेला ०.४८ ओहम तारांचा. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो, १.५ चौरस मिलिमीटर तारेचा त्याच्या दीडपटीने कमी, म्हणजे सुमारे ०.०११५. मेन बोर्डपासून गिझर दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर तार लागते, आणि ०.२३ ओहम तिथेच जातात. येण्याची तार मोजायला विसरणे ही इथली नेहमीची चूक. बाकीचा भाग इमारतीच्या आणि रस्त्यावरच्या केबलचा. गिझरला २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढा असे वायरमन सांगतो ते उगाच नव्हे.

सूत्र जिथे जपून वापरावे

जुना साठ वॅटचा तंतूचा बल्ब घरात पडून असेल तर त्याचा रोध मल्टिमीटरने मोजून पाहावा. तो साधारण साठ-सत्तर ओहम येतो. तो आकडा व्होल्टेजच्या वर्गाच्या सूत्रात घातला तर बल्ब आठशे वॅटच्या आसपास निघतो, जे उघडच हास्यास्पद आहे. २३० चा वर्ग ६० वॅटने भागला तर पेटलेल्या बल्बचा रोध ८८२ ओहम येतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. टंगस्टनचा तंतू अडीच हजार अंशांच्या आसपास तापला की त्याचा रोध दहापटीहून अधिक होतो. बटण दाबताच क्षणभर जो जबर प्रवाह जातो तो थंड तंतूचा, आणि असे बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच जात असत त्याचे एक मोठे कारण हेच. गिझरच्या निक्रोमबाबत थंड रोध चालतो, टंगस्टनबाबत चालत नाही.

मोटर हे आणखी वेगळे प्रकरण आहे. एक अश्वशक्तीचा सिंगल फेज पंप २२० व्होल्टवर ६ अँपिअर घेत असेल, तर गुणाकार १३२० येतो, पण ते वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर आहेत. मोटरच्या वेटोळ्यांमुळे प्रवाह दाबाच्या मागे राहतो आणि त्या गुणाकाराचा काही भागच खरी शक्ती असतो. हे प्रमाण, म्हणजे पॉवर फॅक्टर, ०.८ असेल तर १३२० × ०.८, म्हणजे १०५६ वॅट. तसेच २२० ÷ ६ करून आलेले ३६.७ ओहम हा वेटोळ्याचा रोध नव्हे. मोटर फिरत असताना ती पुरवठ्याला करीत असलेला तो एकूण विरोध आहे, आणि बंद मोटरचे वेटोळे मोजले तर काही मोजके ओहमच मिळतात. दाब उतरल्यावर गिझर कमी प्रवाह घेतो, पण भाराखाली चालणारी मोटर तेवढेच पाणी उपसण्यासाठी जास्त प्रवाह घेते, आणि प्रवाहाच्या वर्गाने वेटोळे तापते. डीम लाईटवर शेतातला पंप चालवला की मोटर जळते ती यामुळे. पंखा, फ्रिज, एलईडी बल्ब यांनाही पॉवर फॅक्टरशिवाय नुसता गुणाकार लावू नये.

हात बसवायचा असेल तर ९ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी आणि प्रवाह मर्यादेत ठेवणारा एक रोधक पुरे. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एवढे सामान किरकोळ पैशांत मिळते. लाल एलईडी स्वतःवर सुमारे २ व्होल्ट घेते आणि तिला २० मिलीअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह द्यायचा नाही. इथे ९ ला ०.०२ ने भागणे ही चूक होईल, कारण एकसर जोडलेल्या रोधकावर ९ नव्हे तर उरलेले ७ व्होल्टच येतात. ७ ÷ ०.०२ = ३५० ओहम. नेमक्या तेवढ्या ओहमचा रोधक दुकानात सहसा मिळत नाही, म्हणून वरचा ३९० ओहमचा घ्यावा. प्रवाह १८ मिलीअँपिअर होईल आणि रोधकात ७ × ०.०१८, म्हणजे ०.१३ वॅट उष्णता होईल. पाव वॅटचा रोधक ती आरामात सोसतो.

काहीही न उघडता वॅट काढण्याचा मार्ग

घरच्या इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याशेजारी एका युनिटमागे किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्याला ३२०० ने भागले की दर लुकलुकीमागे ११२५ ज्यूल येतात. प्लग बदलण्याच्या आदल्या आठवड्यात, घरातले बाकी सगळे बंद करून आणि फ्रिजची कळही काढून, गिझर चालू असताना मी सहज म्हणून ३०० लुकलुकी मोजल्या होत्या. त्यांना १८० सेकंद लागले होते. ३०० × ११२५ ÷ १८० = १८७५ वॅट.

वायरमनच्या आकड्यांवरून गिझरचे १८३४ वॅट आले होते. मधले ४१ वॅट घरातल्या तारांत आणि त्या काळ्या पिनेत गेले असे म्हणण्याचा मोह होतो, आणि आकडा जुळतोही छान. पण साध्या क्लॅम्प मीटरची चूकच दोन टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे १८३४ वर ३७ वॅट. तेव्हा दोन मापने एकमेकांशी जुळली, एवढेच या आकड्यावरून म्हणता येते. पिनेचा पत्ता लागला तो एकाच मीटरने, एकाच जागी, आधी आणि नंतर घेतलेल्या ७ आणि ४ व्होल्टवरून.